नवीन घराला नाव सुचवा (मातृछाया सोडून)

पांझराकाठचा
राम राम मंडळी. धुळ्याला देवपुरात घर बांधायला घेतलं होतं ते आता होत आलंय, प्लास्टर झालं, रंगकाम चालू आहे, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वास्तुशांती करायचं ठरलंय. सगळं अडलंय ते नावावर. वडिलांचं म्हणणं 'एकविरा कृपा', कारण देऊळ जवळ आणि आईची पहिल्यापासून श्रद्धा. पण आमच्या गल्लीतच दोन 'एकविरा कृपा' आहेत, एक 'आई एकविरा' आणि मातृछाया तर मोजायचंच सोडलं, कुरिअरवाला रोज कोणाचं तरी पार्सल आमच्याकडे टाकतो. बायकोला छोटं, जरा मॉडर्न पाहिजे. पोरगा म्हणतो काही पण ठेवा, पुढे 'विला' लावा. मला वाटतं अहिराणीत असावं, 'आमनं घर' असं काहीतरी, पण सासरवाडी नाशिकची, त्यांना गावठी वाटेल म्हणून घरात कुजबुज आहे. शिवाय घराचं नाव कुठे नोंदवावं लागतं का, घरपट्टीवर येतं का, पाटी कशाची करायची तेही सांगा. गावाकडच्या धाब्याच्या घराला कधी नाव नव्हतंच, त्यामुळे घरात कोणालाच अनुभव नाही.

केळीवाला_रावेर
का भो, अभिनंदन, भरीत पार्टी कधी? बामणोदची वांगी मी आणतो. नावाचं म्हणाल तर आपल्याकडे माणूस घराला नाव देत नाही, गावच घराला नाव पाडतं. जळगावात बहिणाबाईंचं घर ज्या वाड्यात आहे त्याला लोक चौधरीवाडाच म्हणतात ना, आडनावावरून. आमच्या काकांनी हौसेनं ग्रॅनाइटवर 'श्रमसाफल्य' कोरून घेतलं, सोनेरी रंग भरला, आणि गावात अजून त्या घराला 'टाकीजवळचं घर' म्हणतात. श्रावणात कानबाई देवीच्या रोटांच्या सणाला सगळे भाऊबंद जमतात तेव्हा पाटी बघून कोण येतं? अमक्या पाटलांचं घर कुठे, असंच विचारत येतात. म्हणून म्हणतो फार डोकं लावू नका, वडील म्हणतात ते ठेवा आणि मोकळे व्हा.

घरपट्टी_रिटायर
नाव नोंदवायचं काही नसतं. महापालिकेच्या घरपट्टीच्या बिलावर मालकाचं नाव आणि मालमत्ता क्रमांक असतो, घराचं नाव आलं काय नाही आलं काय, काही फरक पडत नाही. लाइट बिल ग्राहक क्रमांकावर चालतं. फक्त एक करा, आधार, बँक, गॅस या सगळीकडे पत्ता एकसारखा ठेवा. आधी प्लॉट नंबर आणि गट नंबर, मग कॉलनी, घराचं नाव टाकायचंच असेल तर त्यानंतर. एका ठिकाणी नाव आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही असं झालं की पुढे केवायसीला चकरा मारत बसावं लागतं. आणि पिनकोड नीट लिहा, देवपूरचा 424002, बरेच लोक सवयीनं शहराचा 424001 ठोकून देतात. कुरिअरवाल्याला नावानं घर सापडत नाही हो, मोबाइलवर लोकेशन पाठवा आणि गेटवर प्लॉट नंबर मोठ्या आकड्यात लावा, नावापेक्षा मोठा.

यावलची_सून
केळीवाले दादा, 'वडील म्हणतात ते ठेवा' हे फार सोप्पं झालं. घरात दिवसभर राहणार कोण, फोनवर पत्ता सांगणार कोण? वहिनींना विचारलं का नीट, की 'मॉडर्न पाहिजे' म्हणाली एवढ्यावरच सोडून दिलं? आणि एक बोलते, राग मानू नका. आपल्याकडे गल्लोगल्ली मातृछाया, मातोश्री, आईची कृपा, आणि उताऱ्यावर बघा तर बापाचं आणि पोरांचं नाव. दगडावर आई आणि कागदावर सगळे पुरुष. पाटीचं नंतर बघा, आधी घरपट्टीला वहिनींचं नाव लागतंय का ते बघा, मग घराला विला म्हणा नाहीतर महाल म्हणा.

लळिंगकर
+1 ताईंना.

नावाबद्दल माझं मत केळीवाल्या भाऊंच्या उलट आहे, चांगलं नाव असलं की टिकतं. आपल्या लळिंगचा लांडोर बंगला घ्या. बाबासाहेब 31 जुलै 1937 ला धुळ्यात कोर्टाच्या कामासाठी आले तेव्हा तिथे थांबले होते, अजूनही दरवर्षी 31 जुलैला लोक तिथे जमतात आणि नाव तेच, लांडोर बंगला. ना कृपा ना छाया, रानातला साधा पक्षी, पण विसरेल का कोणी? स्वतः बाबासाहेबांनी दादरला हिंदू कॉलनीत घर बांधलं त्याचं नाव राजगृह, मगधची जुनी राजधानी. म्हणजे त्या माणसाच्या मनात काय होतं ते नावातच दिसतं. तुमच्या मनात अहिराणी असेल तर बिनधास्त ठेवा, नाशिकवाल्यांचं काय घेऊन बसलात, मालेगाव-सटाण्याकडे तर नाशिक जिल्ह्यातच अहिराणी बोलतात. 'आमनं घर' मस्त आहे. नाहीतर 'ओटा' ठेवा, छोटं पण आहे, वहिनींना पण चालेल.

पांझराकाठचा
'ओटा' बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणे माहेरचे विचारतील स्वयंपाकाचा का 😀 बाकी ताई, तुमचं खरं आहे, घर दोघांच्या नावावर करायचं बोलणं चालू आहे, वडिलांना अजून सांगितलेलं नाही. वडिलांची समजूत अशी काढतोय की चौकटीवर देवीची टाइल लावू आणि पाटीवर 'आमनं घर'. अर्धे तयार झालेत. पाटीचं कोणी सांगेल का?

अक्षरवाला_अमळनेर
पाट्या बनवायचाच धंदा आहे म्हणून सांगतो. अॅक्रिलिक स्वस्त पडतं, मागून लाइट छान दिसतो, पण आपल्याकडचं ऊन बघता ते पिवळं पडतं, वाकतं पण. ग्रॅनाइटला काही होत नाही, आतला रंग उडतो तो दोन-चार वर्षांनी परत भरून घ्यायचा. स्टीलची कापीव अक्षरं घेतली तर मराठीत एक फायदा आहे, शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका तुकड्यात निघतो, इंग्रजीसारखं एकेक अक्षर सुटं चिकटवावं लागत नाही. पण अनुस्वार सुटा राहतो, तो नुसता सिलिकॉननं चिकटवला की पहिल्या उन्हाळ्यातच पडतो, आणि तुमच्या नावात तर 'नं' आहे. त्या टिंबाला मागून पिन वेल्ड करून ती भिंतीत बसवायला सांगा, कारागीर टाळाटाळ करेल, ऐकू नका. कमी खर्चात करायचं तर कोट्याच्या फरशीवर कोरून घ्या, त्यात हा प्रॉब्लेमच नाही. गेटची भिंत कोणत्या दिशेला आहे?

पांझराकाठचा
पश्चिमेला, दुपारपासून ऊन.

अक्षरवाला_अमळनेर
मग अॅक्रिलिक विसराच. कोट्यावर कोरा, अक्षरात पांढरा रंग भरा, आणि लग्नसराईच्या आधी ऑर्डर द्या, आखाजीच्या आठवड्यात कोणी हातात काम घेणार नाही.