व्हीलचेअर घरूनच न्या, सोबत एक स्टूलही

एका ताईंनी विचारलंय, गुडघेदुखीच्या आजींना इमॅजिका पार्कला न्यावं की हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीला. आम्ही सोलापूरकर, हैदराबाद तीनशे किलोमीटरवर, म्हणून सासूबाईंना घेऊन रामोजी गाठलं. (खोपोलीच्या इमॅजिकात निम्मी मजा पाळण्यांची, ती आईंच्या काय कामाची?) रामोजीचा पसारा सोळाशे एकरांहून जास्त, पण बरंचसं फिरणं त्यांच्याच बसमधून होतं. बसल्या जागी भरपूर बघून होतं.

अडचण बसच्या पायरीची. आईंचा पाय काही तेवढा उचलेना. आम्ही न्हाणीतला प्लास्टिकचा बुटका स्टूल पिशवीत टाकून नेला होता. तो खाली ठेवायचा, आई दांडी धरून वर. दर थांब्याला उतरायचा हट्ट मात्र सोडा.

व्हीलचेअर इथूनच भाड्याने नेलेली. एक फूटरेस्ट ढिला निघाला, दिवसभर ओढणीने बांधून ठेवला. घेताना दुकानातच कुणाला तरी बसवून ढकलून बघा, आम्ही नुसती घडी घालून डिकीत टाकली होती.

आणि एप्रिल-मेमध्ये नको. सोलापूरच्या उन्हाला आपण सरावलोय, पण खुर्चीचे लोखंडी हात तापले की धरवत नाहीत. जानेवारीतली आपली सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा आटोपली की निघा.