नेकप्लेट बघून ‘मात्सुमोकु’ म्हणावं का?

खर्जातला
नागोयाला असलेल्या आतेभावाने तिथल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातून एक बेस गिटार उचलली आणि सुट्टीवर आला तेव्हा माझ्या गळ्यात मारली. हेडस्टॉकवर, म्हणजे खुंट्या असलेल्या टोकावर, नाव नाही. दोन बारीक भोकं तेवढी दिसतात, म्हणजे पाटी होती आणि कुणीतरी उचकटली. सीरियल नंबरही नाही. मागे नेक (मान) आणि बॉडी जोडणाऱ्या चार स्क्रूंच्या धातूच्या नेकप्लेटवर ‘स्टील ॲडजस्टेबल नेक, जपान’ एवढंच कोरलंय.

माझ्या मते ही मात्सुमोकुचीच. मात्सुमोतो शहरातला हा कारखाना आधी सिंगरच्या शिलाई मशीनची लाकडी कपाटं करायचा, पुढे आरिया, युनिव्हॉक्स, वेस्टोन अशा नावांच्या गिटारी करू लागला आणि 1987 मध्ये बंद पडला. असली प्लेट त्यांचीच म्हणून ओळखली जाते. कुणाचं दुमत?

सोल्डरवाला
आहे, आणि चांगलंच आहे. ‘ओळखली जाते’ म्हणजे कोण ओळखतं? विकणारे! प्लेट, स्क्रू, ट्यूनर हा माल बाहेरून ठोकात यायचा. तीच अक्षरं वेगवेगळ्या कारखान्यांच्या वाद्यांवर सापडतात. मात्सुमोकु म्हटलं की भाव वाढतो, म्हणून निनावी दिसली की लाव तो शिक्का.

‘लॉसूट’ (कोर्टातला दावा) या लेबलचं हेच झालं. 1977 मध्ये अमेरिकन गिटार कंपनी गिब्सनची मालक नॉर्लिनने अमेरिकेत आयबानेझ या जपानी गिटारी विकणाऱ्या एल्गर कंपनीवर दावा ठोकला. भांडण हेडस्टॉकच्या आकाराचं होतं आणि ते कोर्टाबाहेर मिटलं. पण आज सत्तरच्या दशकातली कुठलीही नक्कल ‘लॉसूट गिटार’ म्हणून विकतात. फेंडर या दुसऱ्याच कंपनीच्या धर्तीवरची बेससुद्धा! तिचा त्या दाव्याशी संबंध काय?

मंद्र
मुळात ‘मेकर’ म्हणजे कोण, ते तर ठरवा. आयबानेझ हे नाव नागोयाच्या होशिनो गाक्की कंपनीचं, ग्रेको हे कांदा शोकाई कंपनीचं. आणि दोन्हींची वाद्यं घडवायचं काम फुजिगेन या कारखान्याकडे, तेही पुन्हा मात्सुमोतोतच. टेस्को या जपानी गिटार कंपनीचं उलटं: 1967 मध्ये कावाई या दुसऱ्या कंपनीने ती घेतली, पाटी तीच राहिली, मालक बदलला. त्यामुळे पाटी असती तरी खर्जातल्यांचा प्रश्न सुटला असता असं नाही.

खर्जातला
सोल्डरवाला, तुम्ही फक्त नकार देताय. मग पुरावा कशाला म्हणायचं ते सांगा. काल नेक उघडला. खाचेत पेन्सिलने लिहिलेला ‘17’ आणि खाली पुठ्ठ्याची चकती. पिकअपच्या (तारांचा आवाज पकडणाऱ्या चुंबकाच्या) भोकात कडेला प्लायवूडचे थर स्वच्छ दिसतात.

सोल्डरवाला
हे पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं! प्लायवूड म्हणजे स्वस्तातलं वाद्य, बहुधा निर्यातीचं. कर्ता त्यातून कळत नाही. ‘17’ कुण्या कामगाराने जोडी जुळवायला लिहिला असेल. सीरियल नंबराचा उपयोग आयबानेझसारख्या ठिकाणी होतो: 1975 पासून पुढच्या काही वर्षांच्या नंबरात पहिलं अक्षर महिना, पुढचे दोन आकडे वर्ष. ‘एफ78’ म्हणजे जून 1978. तुमच्याकडे तेही नाही.

पिकअप काढून मागचा शिक्का बघा. मग कारखाना नक्की माहीत असलेली एखादी बेस शेजारी ठेवून नेकच्या खाचेचा आकार, ट्रस रॉडचा (नेकमधल्या सळीचा) नट कुठल्या टोकाला आहे, हेडस्टॉकची कड कशी कापलीय, हे ताडून बघा. दोन-तीन खुणा एकत्र जुळल्या तर बोलू. एकट्या प्लेटवर नाही.

पंचम_डोंबिवली
एवढा काथ्याकूट कशाला राव! वाजते कशी ते सांगा.

मंद्र
ते वेगळा धागा काढून विचारा, इथे मेकरचं चाललंय. सोल्डरवाल्यांशी बव्हंशी सहमत, पण एक सांगतो: त्या काळच्या निनावी निर्यातीच्या बेसमध्ये मात्सुमोकुच्या भरपूर होत्या, त्यामुळे अंदाज म्हणून ते नाव पुढे करणं गैर नाही. फक्त खात्री म्हणून नको.

खर्जातला
पिकअप काढला. शिक्का नाही, नुसतं मेण. तरी माझं मत मात्सुमोकुच.

सोल्डरवाला
मत ठेवा की. विकायला काढाल तेव्हा जाहिरातीत तेवढं ‘बहुधा’ लिहा.

खर्जातला
‘बहुधा’ लिहिलं तर तुम्ही किती द्याल?