शब्दचर्चा: ‘बुरंजी’ला मराठीत काय म्हणावं?

पडवी
एका असमिया लेखाचा अनुवाद करतेय. त्यात ‘बुरंजी’ हा शब्द पावलोपावली येतो, कधी आहोम राजांच्या दरबारातल्या जुन्या नोंदग्रंथांसाठी, कधी चक्क ‘इतिहास’ या अर्थी. मराठीत सरळ ‘बखर’ लिहिलं तर चालेल का? वाचकाला चटकन कळेल. आणि असमियात ‘इतिहास’ हा शब्द नाहीच की काय?

दगडफूल
बखरच लिहा. राजाश्रयाने लिहिलेलं जुनं गद्य, लढाया, वंशावळी. सभासदाने राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून केलं तेच यांनी तिकडे केलं. फार कीस पाडू नये.

शाईबोळा
कीस पाडायलाच तर इथे जमतो आपण.

मूळ शब्द संस्कृत नाही, ताई-आहोम आहे. १२२८ मध्ये आहोमांचा पहिला राजा सुकाफा पाटकाईचे डोंगर ओलांडून ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात उतरला. नोंदी लिहून ठेवण्याची ही रीत त्या आहोमांची. ‘बु’ म्हणजे अजाण, ‘रन’ म्हणजे शिकवणं, ‘जी’ म्हणजे कोठार, मिळून ‘अजाणांना शिकवणारं कोठार’ अशी फोड बहुतेक ठिकाणी दिलेली असते. मला ती जरा जास्तच घोटीव वाटते, पण असो. सुरुवातीच्या बुरंज्या ताई-आहोम भाषेतच होत्या. पुढे दरबारात असमिया रुळली आणि बुरंजीही असमियात लिहिली जाऊ लागली. लिहायचे सांचीच्या, म्हणजे अगरूच्या झाडाच्या सालीवर.

आता बखर. बखर बहुधा प्रसंग होऊन गेल्यावर, कुणीतरी ‘लिहून द्या’ म्हटल्यावर लिहिली जाते. बुरंजीच्या मागे चालू दप्तर असायचं. कुठला वकील आला, त्याने काय पत्र आणलं, भेटीत कोण काय बोललं, हे नोंदून ठेवणं हे दरबारी काम होतं. म्हणून तिची भाषा बखरीसारखी रंगात येत नाही. छोटी वाक्यं, बोलण्यातले शब्द, मध्येच एखादा झणझणीत संवाद.

या नोंदींना वजन किती होतं ते पाहा. अठराव्या शतकात कीर्तिचंद्र बरबरुआ नावाचा बडा अधिकारी होता. त्याचं कूळ हलकं आहे असं एका बुरंजीत लिहिलेलं निघालं. गड्याने बुरंज्या गोळा करून जाळायला लावल्या! एखाद्या बखरीमुळे पेशवाईतल्या कारभाऱ्याची अशी झोप उडाल्याचं माझ्या तरी वाचनात नाही.

दगडफूल
बरं, मान्य. पण मग तिला ‘इतिहास’ कसं म्हणता? इतिहास म्हणजे साधनं तपासून लिहिलेला.

शाईबोळा
त्याचं उत्तर एकोणिसाव्या शतकात आहे.

१८२६ च्या यांदाबूच्या तहाने आसाम इंग्रजांकडे गेला. १८३६ मध्ये कचेऱ्यांत आणि शाळांत बंगाली लागू झाली. असमिया ही बंगालीचीच गावठी बोली आहे, असं तेव्हा पुष्कळांचं म्हणणं होतं. मग लढाई सुरू झाली ती भाषा सिद्ध करण्याची. शिवसागरच्या अमेरिकन मिशनऱ्यांनी १८४६ मध्ये ‘अरुणोदोई’ हे मासिक काढलं. (आपल्याकडे अहमदनगरला अमेरिकन मिशनचाच ‘ज्ञानोदय’ १८४२ पासून होता. या मंडळींना उदयाचं भारी वेड.) ‘अरुणोदोई’त जुन्या बुरंज्या छापून येऊ लागल्या. १८५५ मध्ये आनंदराम ढेकियाल फुकनांनी असमियाची बाजू मांडणारी पुस्तिका इंग्रजीत काढली, आणि १८७३ मध्ये असमिया कचेरीत आणि शाळेत परत आली.

या भांडणात बुरंजी हा मोठा पुरावा ठरला. संतकवी शंकरदेवांची पदं होतीच, पण आमच्या भाषेत शतकानुशतकं राज्यकारभाराचं गद्य लिहिलं गेलंय, ती बोली कशी असेल, हा मुद्दा खोडणं कठीण होतं. भाषाशास्त्रज्ञ ग्रियर्सननेही भाषा-सर्वेक्षणात असमिया लोकांच्या इतिहासलेखनाची मोकळेपणाने तारीफ केली. पुढे इतिहासकार सूर्यकुमार भूयांनी गुवाहाटीत बसून एकेक बुरंजी संपादून छापली: १९३० च्या दशकात देवधाई, तुंगखुंगिया, कछारी, जयंतिया.

तेव्हा हा शब्द चढत गेला. आपल्याकडे एकोणिसावं शतक संपता संपता राजवाडे अस्सल चिठ्ठ्याचपाट्यांपुढे बखरींची किंमत शून्य करत होते. ‘बखर’ घसरली, ‘बुरंजी’ला बढती मिळाली. म्हणून आज एकाच्या जागी दुसरा ठेवला की वजन चुकतं.

ओसाडगल्ली
असमियातलं पहिलं गद्य मात्र बुरंजीचं धरू नका. भट्टदेवांनी भागवत आणि गीता गद्यात आणली ती सोळाव्या शतकाच्या अखेरीस. ते गद्य संस्कृतकडे झुकलेलं, बुरंजीचं घरगुती, एवढा फरक.

कारकून
वापराचं थोडं. असमियात ‘इतिहास’ शब्द आहे आणि चालतोही. पण ‘बुरंजी’ आजही जिवंत आहे. इतिहासकार तो ‘बुरंजीबिद’, ऐतिहासिक नाटक ते ‘बुरंजीमूलक नाटक’. डिंबेश्वर नेओगांच्या वाङ्मयेतिहासाचं नावच ‘असमीया साहित्यर बुरंजी’. सत्येंद्रनाथ शर्मांनी त्याच विषयाला ‘इतिवृत्त’ म्हटलं. म्हणजे लेखकाच्या कानावरही आहे.

उच्चारात ‘जी’ जिवाचा नाही, जहाजातल्या ‘ज’जवळचा. मराठी माणसाला जमेल, फक्त लिहून दाखवता येत नाही.

जाता जाता: आग्र्याहून महाराज निसटले त्याचा ठपका रामसिंहावर आला. त्याच रामसिंहाला पुढे आसामवर धाडलं आणि १६७१ मध्ये गुवाहाटीजवळ सराईघाटाला आहोम सेनापती लाचितने त्याला मागे रेटलं. बुरंज्यांत हे सविस्तर आहे. लाचितचं पद मराठीत कुणी ‘बडफुकन’ लिहितं, कुणी ‘बोरफुकन’. असमिया अक्षरांप्रमाणे ‘बरफुकन’ लिहावं. ‘बर’ म्हणजे मोठा. त्याला हिंदी ‘बडा’ जोडायची गरज नाही.

पडवी
माझ्याकडे दोन वाक्यं आहेत. एकात ‘तेओँ बुरंजीर छात्र’, दुसऱ्यात लेखक कछारी बुरंजीतला उतारा देतो. पहिल्याला ‘ते इतिहासाचे विद्यार्थी’, दुसऱ्याला ‘कछारी बुरंजी’ तसंच ठेवून एक तळटीप. बरोबर?

शाईबोळा
अगदी. तळटीपेत ‘बखरीसारखी दरबारी नोंद’ म्हणा हवं तर, ‘सारखी’ मात्र गाळू नका.

दगडफूल
आणि लिंग? ती बुरंजी की ते बुरंजी?

कारकून
असमियात व्याकरणिक लिंगाची भानगड नाही, त्यामुळे आपण मोकळे. ईकारान्त आहे, ‘ती’ करा. अनेकवचन बुरंज्या, सामान्यरूपही तेच: बुरंज्यांत, बुरंज्यांवरून.