शुक्रावरचे दगड आपल्या कासच्या सड्यासारखे कसे काय?

सडेवाला_सातारा:
मंडळी, व्हेनेरा १३ चा शुक्रावरचा फोटो बघितलाय का कुणी, १९८२ चा, रशियन यानाचा? काय राव, सपाट सपाट फरशा आणि भेगांत बारीक खडी-माती, मे महिन्यात कासच्या पठारावर गेलं की कातळाचा सडा असाच उघडा पडलेला असतो बघा. तर तिथला दगडपण जांभाच आहे का, आणि तो नारिंगी रंग खरा का नंतर मारलाय? अजून एक, यानाच्या दातेरी कडेपुढं अर्धगोल काहीतरी पडलंय ते काय?

घाटमाथा:
जांभा नाय भावा. जांभ्याला पाऊस लागतो. बेसॉल्टात, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या काळ्या दगडात, लाखो वर्षं पाणी मुरून सिलिका वाहून जाते, लोखंड-ॲल्युमिनियम मागं राहतं, तेव्हा कुठं तो तांबडा भोकाभोकाचा दगड होतो. शुक्रावर ॲसिडचा पाऊस पडतो म्हणे, पण खाली साडेचारशे डिग्री, वाटेतच वाफ होऊन जाते. यानानं ड्रिल मारून नमुना आत घेतला, एक्स-रेनं तपासला तर बेसॉल्टच्या जातीचा निघाला, पोटॅशियम मात्र बरंच जास्त. सोयरीक जुळवायचीच तर अजिंक्यताऱ्याच्या काळ्या कातळाशी जुळव, कासशी नको.

मिरजकर_७७:
रंग मारलेला नाय, पण दगडाचाही नाय. तिथली हवा एवढी दाट, दाब आपल्या नव्वद पटीच्या आसपास, की निळा उजेड खालपर्यंत पोचतच नाय, मग सगळंच नारिंगी दिसतं. फोटोत यानाची रंगपट्टी आहे ती बघा, तीपण तशीच दिसते. तिच्यावरून रंग दुरुस्त केले की दगड करडे दिसतात. अर्धगोल म्हणजे कॅमेऱ्याचं झाकण, उतरल्यावर उडालेलं. आणि त्या भट्टीत यान १२७ मिनिटं चाललं, अपेक्षा फक्त ३२ ची होती!

सडेवाला_सातारा:
लय भारी. पण मग फरशा कशा पडल्या, पाणी नाय तर?

घाटमाथा:
त्यावर भांडण आहे. काही जण म्हणतात लाव्हाचे पातळ थर, काही म्हणतात राख-धूळ थराथरानं बसून घट्ट झाली. मला लाव्हा पटतो, पण आपण लाव्हाच्याच मुलखातले, आपल्याला तसंच वाटणार.

मिरजकर_७७:
आणि कोपऱ्यातलं तिरकं क्षितिज बघून डोंगरउतार समजू नका हां, कॅमेरा तिरका बसवलेला, फिरत फिरत पट्टी-पट्टीनं फोटो घ्यायचा. मधे पायाजवळची जमीन आणि दोन्ही टोकांना लांबचं आभाळ येतं ते त्यामुळं.