विंडोज १० साठी सुरक्षा अपडेटचे पैसे भरावेत का?

जुनंखोड
माझा लॅपटॉप २०१७ चा. सातव्या पिढीचा आय-५, १६ जीबी रॅम, नंतर बसवलेली एसएसडी. भाषांतराचं काम करते. दिवसभर चार-पाच जाडजूड फायली आणि ब्राउझरचे तीसेक टॅब उघडे असतात, तरी बिचारा कधी धापा टाकत नाही. पण विंडोज ११ ला तो चालत नाही. मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर यादीतच नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे नेहमीचे अपडेट थांबले. आता ३० डॉलर भरून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सुरक्षा अपडेट घ्यायचे, नाहीतर सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर ठेवून तेच फुकट मिळवायचे. मी पहिल्या दिवसापासून लोकल अकाउंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या खात्याशिवाय आहे, तेही मुद्दाम. आणि सुरक्षेतलं भोक बुजवायचे वेगळे पैसे मोजणं गळी उतरत नाही.

अँटिव्हायरस आहे. वाट्टेल तिथे क्लिक करायची सवय नाही. तसंच रेटलं तर काय बिघडेल?

कळफलक
तुमचा प्रोसेसरच आडवा आलाय, त्यामुळे तुम्हाला उपयोग नाही. पण ११ चालत नाही म्हणून बाकीच्यांनी पैसे भरायची घाई करू नये. 'टीपीएम (११ ला लागणारी सुरक्षेची सोय) नाही' असं दाखवत असेल तर आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंग्जमध्ये डोकवा. इंटेलवर पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम या नावाने ते असतं आणि बऱ्याचदा नुसतं बंद असतं.

रात्रपाळी
'मी क्लिक करत नाही' यावर फार विसंबू नका. फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय आठवतंय? मे २०१७. कुणी काही उघडायची गरजच नव्हती, नेटवर्कवरच्या एका मशीनमधून दुसऱ्यात ते आपोआप शिरत होतं. त्या भोकाचा पॅच, म्हणजे दुरुस्ती, मार्चमध्येच आला होता. ज्यांनी तो बसवला नव्हता ते सापडले. विंडोज एक्सपीचा सपोर्ट २०१४ लाच संपला होता, तरी त्याच्यासाठीही शेवटी खास पॅच काढावा लागला.

आता तर आणखी एक गोम आहे. १० आणि ११ चा बराचसा कोड सामाईक. दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी ११ चा पॅच आला की आधीची फाइल आणि नंतरची फाइल शेजारी ठेवून नेमकं काय बदललं ते शोधता येतं. म्हणजे ११ ची दुरुस्ती हाच १० च्या भोकाचा पत्ता! विंडोजमधल्याच डिफेंडर या अँटिव्हायरसला नव्या व्हायरसची ओळख २०२८ पर्यंत मिळत राहणार आहे, पण तो राखणदार झाला; मोडलेली कडी तो बसवत नाही.

पैशांचं म्हणाल तर घरगुती वापराला ३० डॉलर म्हणजे कंपन्यांच्या मानाने स्वस्त. त्यांना पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट. मात्र उशिरा भरलेत तरी मुदत तीच, एक दिवस वाढून मिळत नाही. आणि पैसे भरले तरी नोंदणीला मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच, ते टळत नाही.

फुकटफौजदार
विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका आणि मोकळे व्हा.

जुनंखोड
@फुकटफौजदार, टाकलं असतं हो. माझं भाषांतराचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि आठ वर्षांची शब्दस्मृती, म्हणजे आधीच्या भाषांतरांचा साठा, त्यात अडकलीय.

@रात्रपाळी, राखणदाराचं पटलं. वॉनाक्राय मी निव्वळ 'कुणीतरी नको ती मेल उघडली' या खात्यात टाकून दिलं होतं.

रात्रपाळी
मग वर्ष विकत घ्या, आणि त्या वर्षात शब्दस्मृती टीएमएक्समध्ये, म्हणजे इतर भाषांतर सॉफ्टवेअरलाही वाचता येणाऱ्या फाइलमध्ये, काढून ठेवा. तेवढं झालं की पुढे कुठल्या मशीनवर जायचं ते तुमच्या हातात.

जुनंखोड
केलं. त्यात अर्धी संध्याकाळ गेली, कारण नोंदणीचा दुवाच दिसेना. मग लक्षात आलं की मी अजून विंडोज १० च्या २१एच२ या जुन्या आवृत्तीवर होते. याला २२एच२ लागतं. अपडेट पुढे ढकलत राहायची माझी जुनी खोड, दुसरं काय. आधी ते चढवलं, मग सेटिंग्जमधल्या विंडोज अपडेटच्या पानावर दुवा उगवला.

बॅकअपचा पर्याय नको म्हणून ३० डॉलरच भरले. खातं नव्या ईमेलवर काढलं, त्याचा दुसरा काही उपयोग करणार नाही. एका नोंदणीवर १० मशीन चालतात असं तिथेच वाचलं, म्हणून बाबांचा डेस्कटॉपही घेतला. तो अजून १९०९ या त्याहून जुन्या आवृत्तीवर निघाला. घरातली खोड आहे म्हणायची.