मदत हवी आहे: साखर बॉर्डरवर, अंगात जीव नाही

माणदेशी
नमस्कार मंडळी. कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये साखर बॉर्डरला निघाली. डॉक्टरांनी 'गोड बंद करा, चाला, तीन महिन्यांनी दाखवा' एवढं सांगून पुढच्याला आत बोलावलं. गोड मी फारसं खातच नाही. खरा त्रास हा की अंगात त्राण नसतं. जेवलं की डोळे मिटायला लागतात. घरी आल्यावर पोरीशी दोन शब्द बोलायचीही ताकद उरत नाही. सुट्टीला दहा तास झोपूनही तेच. वडिलांना साखर आहे, त्यांच्या पायाची जखम सहा महिने भरली नव्हती. ते सगळं मी पाहिलंय, म्हणून झोप उडालीय. गोळ्या सुरू व्हायच्या आधी खाण्यात, व्यायामात नेमकं काय बदलू? लवकर सांगा.

शुभदा_ठाणे
बॉर्डर म्हणजे किती? उपाशीपोटीची की जेवणानंतरची? एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) केली का? वय, वजन, उंची? काही गोळ्या चालू आहेत का? आकडे दिल्याशिवाय कुणी काय सांगणार?

दोनदाच_जेवतो
आकडे नंतर. आजपासून डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत धरा. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, तेव्हाच जेवायचं, ५५ मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही खायचं नाही. आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दर वेळी तोंडात घास गेला की इन्सुलिन (रक्तातली साखर उतरवणारं संप्रेरक) पाझरतं, ते दिवसभर चढं राहू द्यायचं नाही, हा सगळा पाया आहे. मी १४ महिने करतोय. एचबीए१सी ६.३ होती, ५.६ झाली.

घरचं_तूप
ज्याच्या अंगात त्राण नाही त्यालाच उपाशी ठेवायचं? आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर कधीपासून सांगतायत, आपलं हंगामी, घरचं अन्न खा, वरण-भात-तुपाला घाबरू नका. मी थोडं थोडं, वेळेवर खाते. संध्याकाळी सहालाही टवटवीत असते.

दोनदाच_जेवतो
उपाशी कोण ठेवतंय ताई? दोन्ही वेळा पोटभरच जेवायचं असतं. आणि तुमची साखर वाढलेली नाही, त्यांची वाढलीय.

घरचं_तूप
माझ्या सासऱ्यांची आहे ना. आणि साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या अशा असतात की जेवण चुकलं तर साखर एकदम खाली येते, घाम फुटतो, हातपाय कापतात. शुभदाताईंनी गोळ्यांचं विचारलं ते उगाच नाही. आधी त्यांचं उत्तर तर येऊ द्या.

माणदेशी
वाद नको, कृपया. फास्टिंग ११८, एचबीए१सी ६.०. वय ३८, वजन ६८ किलो, उंची ५ फूट ६ इंच. म्हणजे जाड नाही. गोळी कुठलीच नाही. भाकरी खाऊ की चपाती, एवढं तरी सांगा.

नाडीपरीक्षक_नाही (एमडी, पुणे)
एचबीए१सी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडचा टप्पा. इथून मागे फिरता येतं. 'जाड नाही' यावर मात्र विसंबू नका. बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर मोजा, पँटचा नंबर सांगू नका. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंमीच्या वर धोका मानतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने छापला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) २२.३, दिसायला दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. आपली माणसं बारीक दिसतात, पण आत स्नायू कमी आणि चरबी जास्त असते. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता रक्तातली साखर ओढून घेतो. म्हणून जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाला आणि आठवड्यातून तीनदा दंड-बैठका, वजनं, जे जमेल ते करा. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, बी-१२ आणि थायरॉइड तपासून घ्या. सगळा थकवा साखरेच्या माथी मारू नका.

शाळूवाला
भाकरीच. आणि ज्वारी मंगळवेढ्याची मालदांडी घ्या, तिला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. काळ्या रानातल्या शाळूची चव वेगळीच. पॉलिश केलेली, पांढरीफेक ज्वारी घेऊ नका.

घरचं_तूप
ज्वारी गव्हापेक्षा महाग झालीय हो आता. आमच्याकडे तीन दिवस भाकरी, चार दिवस चपाती.

सुनीलमामा
ग्लुकोमीटर घेणार असाल तर मशीनची किंमत बघू नका, पट्ट्यांची बघा. मशीन स्वस्तात मिळतं आणि पट्ट्यांत पैसे जातात. डबी उघडल्याची तारीख वर लिहून ठेवा.

शुभदा_ठाणे
त्यांनी मशीनचं कुठे विचारलंय मामा? माणदेशी, जेवता किती वाजता, झोपता किती वाजता, तेवढं सांगा.

माणदेशी
कंबर मोजली. ९४ भरली. मला खरंच वाटलं नव्हतं. भाकरी घरचीच आहे, गावाकडून शाळू येतो.
जेवणाची वेळ ह्या आठवड्यात रात्री दीडची. कँटीनला भात, बटाट्याची रस्सा भाजी. मग साडेचारला मशीनचा चहा. घरी येऊन पोहे खाऊन नऊला आडवा होतो, साडेबाराला पोरगी शाळेतून आली की उठतो.

शुभदा_ठाणे
थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी?! अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं नाही का?

माणदेशी
चाकणला सगळेच शिफ्टमध्ये असतात हो, म्हणून सुचलं नाही. एक आठवडा फर्स्ट, मग थर्ड, मग सेकंड. नऊ वर्षं झाली.

नाडीपरीक्षक_नाही
रक्त थर्ड शिफ्ट संपवून दिलं होतं का? किती वाजता?

माणदेशी
हो, सुटल्यावर लगेच, साडेसातला. साडेचारचा चहा तेवढा झाला होता.

नाडीपरीक्षक_नाही
साखरेच्या चहानंतर तीन तासांनी काढलेली साखर उपाशीपोटीची नव्हे. किमान आठ तास हवेत. ते ११८ बाजूला ठेवा आणि फर्स्ट किंवा सेकंडच्या आठवड्यात पुन्हा करा. एचबीए१सी मात्र साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते, ती चहाने बदलत नाही. ६.० धरूनच चालायचं.

रात्रपाळी_सिस्टर
मी १९ वर्षं वॉर्डात नाइट करतेय, म्हणून लिहिते. दादा, वर सांगितलेलं सगळं दिवसा जागणाऱ्या माणसासाठी आहे. रात्री शरीर झोपेच्या तयारीत असतं, इन्सुलिन कमी येतं. तोच भात दुपारी खाल्ला तर जेवढी साखर चढते, त्याहून जास्त रात्री दीडला चढते. मुख्य जेवण घरून निघायच्या आधी, नऊच्या सुमारास करा. डब्यात मूठभर फुटाणे, ताक, उकडलेलं अंडं. कँटीनचा भात सोडा. चहा दोनच्या आत शेवटचा, कारण साडेचारचा चहा नऊलाही अंगात असतो. सुटल्यावर काळा गॉगल लावा म्हणजे उन्हाने मेंदू जागा होणार नाही. खिडकीला जाड काळा पडदा, दाराची बेल बंद. आणि साडेतीन तासांची झोप म्हणजे झोप नव्हे! तुमचं त्राण तिथेच जातंय.

दोनदाच_जेवतो
सिस्टर म्हणतायत तेही शेवटी दोन जेवणंच झाली की.

रात्रपाळी_सिस्टर
भाऊ, कुठल्या पद्धतीत बसतं ते महत्त्वाचं नाही. रात्री तीनला भूक लागली आणि जवळ काही नसेल तर माणूस मशीनचा चहा आणि बिस्किटंच खातो. मी खाल्लीत.

माणदेशी
घरी माळ आहे, अंडं चालत नाही. साडेबाराला उठतो कारण बायकोची सेकंड शिफ्ट असते, पोरीला कोण बघणार?

नाडीपरीक्षक_नाही
पूर्ण शाकाहारी असाल तर बी-१२ आधी करा.

शुभदा_ठाणे
शेजारी कुणी तीन वाजेपर्यंत पोरीला ठेवून घेईल का, विचारा. आमच्या चाळीत असंच चालायचं. मागायला लाज वाटते, पण बहुतेक जण हो म्हणतात.

माणदेशी (अकरा दिवसांनी)
सेकंडच्या आठवड्यात दहा तास उपाशी राहून फास्टिंग केली, १०४ आली. बी-१२ १६८, डॉक्टरांनी इंजेक्शनं सुरू केलीत. शेजारच्या काकू अडीचपर्यंत पोरीला सांभाळायला तयार झाल्या. पडदा शिवायला टाकलाय. सुपरवायझरला म्हटलं फर्स्टनंतर सेकंड, मग थर्ड असं लावा, त्याने ऐकून घेतलं, पुढे काही हललं नाही. थकवा अजून आहेच. सोमवारपासून फर्स्ट, त्याच्या पुढचा सोमवार थर्ड. त्या पहिल्या रात्रीआधी झोपायचं कधी? सिस्टर, तेवढं सांगा.

रात्रपाळी_सिस्टर
रविवारी रात्री नेहमीपेक्षा उशिरा झोपा आणि सोमवारी सकाळी उशिरा उठा. दुपारी चार ते सहा पुन्हा आडवं व्हा, झोप नाही आली तरी अंधारात पडून राहा. मंगळवारी सकाळी सुटल्यावर मोटरसायकल चालवू नका, कंपनीच्या बसने या. पहिल्या रात्रीनंतरच डुलकी लागते.