ग्रंथालयाचं संकेतस्थळ कुणासाठी? वाचकासाठी की महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या समितीसाठी?

वाळपईकर
माझी भाची एम.ए.ला घाटावरच्या एका विद्यापीठात आहे. चवथीला घरी आली ती लघुप्रबंधाचं ओझं घेऊनच. गणपतीवरची माटोळी बांधून झाली आणि ही मोबाईलवर त्यांच्या ग्रंथालयाचं संकेतस्थळ उघडून बसली. वर उद्घाटनाचे फोटो सरकतायत, त्याखाली कुलगुरूंचा संदेश, मग ग्रंथालय समितीची यादी. तिला हवा होता एक लेख. मेनूत 'ई-संसाधने', 'डिजिटल भांडार', 'ओपॅक' (म्हणजे पुस्तकांची ऑनलाइन यादी), 'रिमोट ॲक्सेस' अशी चार दारं. चारही ठोठावली आणि शेवटी गूगलवर गेली. तिथे लेख सापडला, पण पैसे मागत होता. तोच लेख विद्यापीठाच्या वर्गणीत फुकट होता, हे तिला सुट्टी संपल्यावर तिथल्या ग्रंथपालबाईंनी सांगितलं.

ही संकेतस्थळं ग्रंथालयातल्या खात्यांप्रमाणे रचलेली असतात. देवघेव, संदर्भ, नियतकालिके हे विभाग आतल्या माणसाला ठाऊक. बाहेरच्याला विचारायचं असतं की पुस्तक कपाटात आहे का, घरून कसं वाचू, जुन्या प्रश्नपत्रिका कुठे, आज किती वाजेपर्यंत उघडं. 'वाचकाचा वेळ वाचवा' हा ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांचा चौथा नियम १९३१चा आहे. तो आपण पडद्यावर कधी आणणार?

दाखलांक
कॉलेजच्या ग्रंथालयात तीस वर्षं काढली, त्यामुळे थोडं चिडूनच लिहितो. छपराचे नळे (कौलं) परतायचे सोडून भिंतींना चुना काढला तर घर गळायचं थांबत नाही.

खरी गळती नोंदींत आहे. बौद्ध धर्माचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी आपल्या गोव्यातल्या साखवाळचे. त्यांची मराठी पुस्तकं एका ठिकाणी देवनागरीत, दुसरीकडे रोमन लिप्यंतरात, तिसरीकडे 'कोसम्बी' अशी नोंदलेली असतात. वाचक एकच रूप टाकतो, बाकीची पुस्तकं त्याच्या लेखी नाहीतच. आणि 'किनाऱ्यावर' या शब्दातला अर्धा र? युनिकोडमध्ये तो दोन तऱ्हांनी टंकता येतो. डोळ्याला फरक दिसत नाही, पण यंत्राला ते दोन वेगळे शब्द. शोध त्यासाठी बसवलेला नसेल तर पुस्तक समोर असून सापडत नाही. होमपेजवर कितीही मोठा शोधखण ठेवा, आत हा घोळ असेल तर उत्तर 'शून्य निकाल'.

नवीन रूपावर खर्च मंजूर होतो कारण त्याचं उद्घाटन करता येतं. दहा हजार नोंदी दुरुस्त केल्या तर फीत कोण कापणार?

वाळपईकर
फितीचं मान्य. पण काका, 'शून्य निकाल' आले ते शब्द तुम्ही कधी पाहिलेत का? शोधखणात लोक काय टाइप करतात, ते साठवून ठेवता येतं. महिन्याची यादी काढली की आधी कुठल्या नोंदी सुधारायच्या ते वाचकच सांगतो. तुमची दुरुस्ती आणि माझी पुनर्रचना यांत भांडण कुठे आहे?

दाखलांक
भांडण पैशात आहे, बाबा. आणि माणसांत. निवृत्त झालेल्याची जागा भरली जात नाही.

काजूबोंड
मी संकेतस्थळं बनवतो, ग्रंथालयांची नाही. दोघांनाही विचारतो: वाचकाला शेजारी बसवून पाहिलंय का? 'अमुक पुस्तक शोधून दाखव' म्हणायचं आणि गप्प बसायचं. गप्प बसणं सगळ्यात कठीण, हात शिवशिवतात. संकेतस्थळं वापरायला सोपी कशी करावीत याचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी २००० साली मांडलं की पाच माणसांत सुमारे ८५ टक्के अडचणी उघड्या पडतात. खर्च चहा-भज्यांचा.

पेडण्याची
पाच कोण, ते सांगा. पहिल्या वर्षाची मुलगी, पोर्तुगीज दस्तऐवज चाळणारा संशोधक आणि दृष्टी नसलेला, स्क्रीन रीडरवर ऐकणारा विद्यार्थी एका पंगतीत बसवता येणार नाहीत. तो पाचाचा हिशेब एकसारख्या लोकांपुरता आहे. गट वेगळे असतील तर प्रत्येकातले तीन-चार घ्या, असं निल्सनच लिहितात.

आणि 'वाचकाला हवं तेच ठेवा' याची मला भीती वाटते. मतं मोजली तर प्रश्नपत्रिका जिंकतील आणि हस्तलिखितांचा दुवा तळाला जाईल. वर्षाला सहा जण ते उघडत असतील, पण त्यांना ते दुसरीकडे मिळणार नाही.

काजूबोंड
बरोबर, गट चुकवले मी. पण हस्तलिखितं आज तरी कुठे वर आहेत? कुलगुरूंचा संदेश वर आहे.

वाळपईकर
मोजणी नको, मांडणी वाचकाच्या शब्दांत हवी. १ जानेवारी २०२५पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' सुरू झालं. ३० प्रकाशक, १३ हजारांच्या आसपास नियतकालिकं सरकारी संस्थांसाठी खुली. मेनूत हेच नाव टाकलं तर मुलांना काय कळणार? 'लेख घरून वाचा' लिहा की सरळ.

दाखलांक
'ओपॅक' शब्द गेला तरी मी रडणार नाही. पण मुलांना काही शिकवायचंच नाही, असंही नको. वर्गांक (पुस्तकाच्या पाठीवरचा विषयाचा आकडा) वाचता आला की शेजारचं, न मागितलेलं पुस्तकही हाताला लागतं.

काजूबोंड
काका, एक करता येईल. मेनूतला एकेक विषय एकेका कार्डावर लिहायचा, गठ्ठा मुलांपुढे ठेवायचा आणि त्यांना हवे तसे ढीग लावायला सांगायचे. ढिगाला नावही त्यांनीच द्यायचं. साठ-सत्तर कार्डं पुरतात.

दाखलांक
तालिकेची जुनी कार्डं संगणक आल्यावर रद्दीत चालली होती, ती मी घरी आणून ठेवलीत. पाठ कोरी आहे. फोंड्याला येऊन घेऊन जा. पण पुढची बाजू वाचल्याशिवाय वापरू नका. त्यातली कितीतरी पुस्तकं संगणकावर चढलेलीच नाहीत.